आधी यंत्र जातं

१९९५ साली परभणीत ६८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्याच वर्षी जपानी कंपन्यांनी मुठीत मावणारी मिनीडीव्ही कॅसेट आणि तिच्यावर डिजिटल चित्रण करणारे कॅमेरे बाजारात आणले. ते कॅमेरे परभणीत पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर इथं व्हिडिओ शूटिंग म्हटलं की खांद्यावर तोलायचा व्हीएचएस कॅमेरा, मागे हॅलोजन धरून चालणारा पोऱ्या आणि त्याच्या मागे कुणाच्या तरी पायात अडकणारी वायर, असा सगळा संसार असे.

ऐंशीच्या दशकापासून ते मोबाइलने चित्रण सोपं करेपर्यंत या जिल्ह्यानं स्वतःचं जे काही हलतं चित्र टिपलं, ते बहुतेक सगळं चुंबकीय पट्टीवर आहे. सेलू-मानवतची लग्नं, जिंतूरच्या शाळेतली स्नेहसंमेलनं, परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, गंगाखेडचा गोदाकाठ, कृषी विद्यापीठातले मेळावे. आज या कॅसेटी माळ्यावर, लोखंडी पेटीत किंवा दिवाणाखाली पडून आहेत. घरची माणसं म्हणतात, ‘कॅसेट आहे ना आपल्याकडे, मग काय चिंता?’ या प्रकरणात सांगायचं आहे ते याच वाक्याबद्दल.

सिनेमाची रीळ खिडकीतल्या उजेडासमोर धरली की काहीतरी दिसतं. फिकं झालेलं का होईना, माणूस ओळखू येतो. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात १९६४ पासून जपलेल्या रिळांचं नशीब त्यामुळे जरा बरं आहे. उद्या एकही जुना प्रोजेक्टर उरला नाही, तरी चौकट अन् चौकट स्कॅन करता येईल. कॅसेटचं झाकण उचलून पट्टी उजेडासमोर धरा, काळपट-तपकिरी प्लास्टिकशिवाय काही दिसणार नाही. तिच्यावर चित्र नाहीच. चित्राचा विद्युत संकेत आहे, आणि तो वाचायला ठरावीक वेगानं फिरणारा, ठरावीक कोनात कललेला ड्रम लागतो. म्हणजे कॅसेट ही निम्मी वस्तू झाली. उरलेली निम्मी म्हणजे व्हीसीआर किंवा कॅमेरा. आणि ही दुसरी निम्मीच आधी संपते आहे.

व्हीएचएस जेव्हीसीनं १९७६ मध्ये जपानात आणलं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई हिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आदल्या वर्षीही तिची साडेसात लाख यंत्रं खपली होती, पण सुटे भाग मिळेनासे झाले. त्यानंतर जगात नवा व्हीसीआर नाही. जे आहे ते वापरलेलं, आणि त्याचे रबरी पट्टे, रोलर, हेड रोज थोडे थोडे झिजताहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ नंतर पट्टीवरचं बरंचसं साहित्य वाचता येणार नाही. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मिळून तीच घंटा पुन्हा वाजवली. २०२५ ही काही मृत्यूची तारीख नव्हे, त्या दिवशी कॅसेटी कोऱ्या झाल्या नाहीत. पण यंत्र शोधणाऱ्याला तो इशारा खरा होता हे लगेच कळतं.

म्हणून पहिलं काम कॅसेट शोधण्याचं नाही, ती कुठल्या जातीची आहे ते ओळखून तिचं यंत्र शोधण्याचं. पुस्तकाएवढी मोठी असेल तर व्हीएचएस. तिच्यात अर्धा इंच रुंदीची पट्टी असते आणि ‘ई-१८०’ लिहिलेलं असेल तर तीन तासांची. तीच पट्टी छोट्या डबीत असेल तर व्हीएचएस-सी. ती अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरमध्ये चालते. ८ मिलिमीटरच्या कॅसेटी, म्हणजे व्हिडिओ८, हाय८ आणि डिजिटल८, दिसायला जवळपास सारख्या, आणि त्यांच्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो: यांनाही व्हीसीआरचा अडॅप्टर मिळतो म्हणे. मिळत नाही. पट्टीची रुंदीच वेगळी आहे, त्यामुळे तसा अडॅप्टर होऊच शकत नाही. त्यांना ८ मिलिमीटरचाच कॅमेरा लागतो. सोनीच्या डिजिटल८ कॅमेऱ्यांपैकी काही मॉडेल जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटीही वाचतात आणि डिजिटल संकेत बाहेर देतात. असा कॅमेरा परदेशातून आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात सापडला तर ती लॉटरीच. सगळ्यात लहान ती मिनीडीव्ही.

यंत्र शोधायला ऑनलाइन बाजार आहेच, पण त्याआधी गावातल्या जुन्या शूटिंगवाल्याकडे जावं. फ्लेक्सचं किंवा मोबाइलचं दुकान टाकून बसलेला असला, तरी त्याचा पॅनासॉनिक एम-३००० किंवा पुढच्या काळातला एमडी-१०००० पोत्यात गुंडाळून कुठंतरी ठेवलेला असतो. त्यानं ज्या कॅमेऱ्यावर चित्रण केलं, त्याच कॅमेऱ्यावर कॅसेट सगळ्यात चांगली चालते, आणि याचं कारण यंत्राच्या पोटात आहे.

व्हीसीआरमध्ये पट्टी अगदी सावकाश सरकते, सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. इतक्या हळू सरकणाऱ्या पट्टीवर चित्राएवढी माहिती मावणार नाही. म्हणून तिरका ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो आणि त्यावरची दोन हेड पट्टीवर तिरक्या रेषा ओढत जातात. व्हीएचएसची एक रेष सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहून बारीक. मिनीडीव्हीची तर फक्त १० मायक्रॉन, आणि तिचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो. वाचताना हेड बरोबर त्याच रेषेवरून गेलं पाहिजे. दुसऱ्याच्या शेतात त्याच्याच तासांमधून आपली तिफण चालवायची झाली, तर फणांमधलं अंतर जुळावं लागतं, इथंही तसंच. प्रत्येक कॅमेऱ्याचा कोन किंचित निराळा असतो. कोन जुळला नाही की पडद्यावर मुंग्या, आडवे पट्टे, फाटलेली चौकट. व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं बटण होतं ते याचसाठी, आणि ते हळूहळू फिरवत चित्र स्थिर करणं ही त्या काळात घरातल्या एका ठरावीक माणसाची मक्तेदारी असे.

यंत्र मिळालं की लगेच आपली मौल्यवान कॅसेट त्यात घालायची नाही. आधी एखाद्या जुन्या पिक्चरची, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून बघायची. पट्टी चुरगळते का, आवाज ओढला जातो का, चित्र थरथरतं का. हेडवर धूळ बसलेली असते. पूर्वी कोरी नोट घासून ती काढायची युक्ती सर्रास चाले, ती आता नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड किंवा शामॉय ड्रमला हलकेच लावून धरायचं आणि ड्रम हातानं आडवा फिरवायचा. वरखाली घासलं की हेड तुटलंच समजा. कानात घालायच्या कापसाच्या काड्याही टाळाव्यात, कारण त्यांचा तंतू हेडच्या फटीत अडकतो.

मग कॅसेटची स्वतःची तब्येत. परभणीचा मे महिना ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, तेव्हा लोकांना वाटतं, उष्णतेनं चित्र पुसलं गेलं असेल. तसं होत नाही. पट्टीवरचं चुंबकत्व जायला शंभर अंशांच्या पुढचं तापमान लागतं. उष्णतेनं बिघडतं ते बाकीचं: कॅसेटचं खोकं वाकतं, पट्टी ताणली जाते आणि चुंबकीय कणांना प्लास्टिकवर धरून ठेवणारा चिकट थर अशक्त होतो. खरा शत्रू त्यानंतरचा पावसाळा. तो चिकट थर हवेतली ओल शोषतो आणि फुटू लागतो. पट्टी चिकट होते, ड्रमला धरते, किंचाळल्यासारखा आवाज येतो. असं झालं तर तिथंच थांबावं. कॅसेटच्या काचेतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट यंत्रात घालूच नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद देते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून जाणकाराकडे द्याव्यात.

म्हणून हे काम दिवाळीनंतर करावं. हवा कोरडी असते, दिवस सोसण्यासारखे असतात. पावसाळ्यात करायचंच असेल तर कॅसेट आणि यंत्र दोन्ही आदल्या दिवशी एकाच खोलीत आणून ठेवावीत. जुन्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेंबाची खूण किंवा ‘ड्यू’ अशी अक्षरं लुकलुकली की आत दव धरलंय असा अर्थ. कॅमेरा मग काही तास कॅसेट हलवूच देत नाही, आणि ते बरंच आहे. दुसरी गोष्ट विजेची. चालू कॅसेट मध्येच लाइट जाऊन अडकली, तर पट्टी ड्रमभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत राहते. झाकण उघडून ओढाओढ करायची नाही. लाइट आल्यावर यंत्र आपणहून पट्टी परत आत घेतं. संगणकाला इन्व्हर्टर आणि व्हीसीआर थेट भिंतीला, अशी जोडणी बऱ्याच घरांत असते. निदान या कामापुरती तरी व्हीसीआरचीही वायर इन्व्हर्टरवर घ्यावी. आणि सगळ्यात आधी, अगदी पहिल्यांदा, व्हीएचएसच्या पाठीमागची छोटी प्लास्टिकची कळ मोडून टाकावी, छोट्या कॅसेटींची सरकती खिट्टी ‘सेव्ह’कडे न्यावी, म्हणजे चुकून प्लेऐवजी रेकॉर्ड दाबलं गेलं तरी लग्नावर टीव्हीची मालिका चढणार नाही.

आता प्रत्यक्ष उतरवून घेणं. इथं कॅसेटींचे दोन वर्ग पडतात आणि त्यांची गल्लत केली की हातचं जातं.

व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ या अ‍ॅनालॉग. त्यांच्यातून येणारा संकेत संगणकाला समजेल असा करावा लागतो. यासाठी काही शे रुपयांत यूएसबीचं डोंगल मिळतं. त्यानं काम होतं, पण तास-दीड तासानंतर भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागून येतात. याचं कारण असं की जुन्या पट्टीवरच्या रेषांची वेळ डगमगती असते. घरच्या टीव्हीला ते चालून जाई, डोंगल मात्र गोंधळतं आणि मधल्या काही चौकटी गाळून टाकतं. ही वेळ सरळ करणारी जोडणी, टाइम बेस करेक्टर, काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये आणि चांगल्या हाय८ व डिजिटल८ कॅमेऱ्यांमध्ये असते. ती नसेल तर एक जुगाड जगभरचे हौशी लोक वापरतात: पॅनासॉनिकचे ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडायचे. डीव्हीडी करायची नाही, संकेत फक्त त्यांच्यातून पुढे जाऊ द्यायचा. चित्र चटकन उभं राहतं. यंत्राला एस-व्हिडिओची गोल तोंडाची वायर लागत असेल तर पिवळ्या वायरीऐवजी तीच वापरावी.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८ या कॅसेटींवर आधीच आकडे आहेत. त्यांचं रूपांतर करायचं नसतं, नक्कल करायची असते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या फायरवायर छिद्रातून, ज्याला सोनी ‘आय-लिंक’ म्हणते, संगणकात वायर न्यावी लागते. बहुतेक कॅमेऱ्यांवर यूएसबीचंही छिद्र असतं आणि माणूस हमखास तिथं फसतो: त्यातून फोटो किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र येतं, पट्टीवरचं मूळ नव्हे. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीनं घेतलं तर आकड्यांचं अ‍ॅनालॉग करून पुन्हा आकडे करायचे, म्हणजे द्राविडी प्राणायाम. आणि त्यात आणखी एक नुकसान होतं. डीव्ही पट्टीवर चित्राच्या आड प्रत्येक चौकटीची चित्रणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. फायरवायरनं ती सुखरूप येते. विनडीव्ही हे जुनं, छोटं, फुकट सॉफ्टवेअर तर त्या तारखेवरूनच फायलींना नावं देतं. दुसऱ्या वायरीनं ती कायमची जाते.

अडचण पुन्हा यंत्राचीच, फक्त या वेळी संगणकाची. फायरवायर असलेले मॅकबुक २०१२ च्या पिढीबरोबर संपले, आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोतून अ‍ॅपलनं त्याचा आधारही काढून टाकला. त्यामुळे नवा लॅपटॉप आणि अडॅप्टरांची माळ यांच्या नादी लागण्यापेक्षा जुना डेस्कटॉप बरा. एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या कोपऱ्यात पडलेल्या डब्यात फायरवायरचं पीसीआय कार्ड बसवलं की विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर किंवा लिनक्सवर काम निर्धास्त होतं. लिनक्सवर डीव्हीग्रॅब वापरावं. डीव्हीचा एक तास सुमारे १३ गिगाबाइट जागा घेतो. हे आकडे १९९५ साली भयंकर वाटत. आज पेनड्राइव्हवर मावतात.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, हे काही जणांना पटत नाही. घाई करायला कुठलाच मार्ग नाही.

लग्नाच्या कॅसेटींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण घरोघरी जास्त त्याच आहेत आणि त्यांच्यातच सगळ्यात जास्त फसगत आहे. घरात असते ती कॅसेट सहसा मूळ नसते. शूटिंगवाला मास्टर कॅसेटवर चित्रण करी, मग शहरात जाऊन मिक्सिंग करी: बदामाच्या आकारात नवरा-नवरी, पानागत उलटणारी चौकट, गणपतीच्या मागे फिरणारं चक्र. हे सगळं दुसऱ्या कॅसेटवर चढे आणि तीच गिऱ्हाइकाला मिळे. अ‍ॅनालॉगमध्ये नकलेगणिक चित्र फिकं पडतं. पण त्याहून मोठं नुकसान आवाजाचं. मिक्सिंग करताना मांडवातला खरा आवाज घालवून त्या हंगामातली पिक्चरची गाणी चढवत. वरमाईचा रुसवा, आजीनं घेतलेला उखाणा, जेवणावळीतला आग्रह, सगळं त्या गाण्यांखाली गेलं. मास्टर मिळाली तर आवाज मिळतो. बहुतेकांनी मास्टर पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली, हे खरं. तरी विचारून बघावं.

एक बारीक शक्यता अजून उरते. व्हीएचएस हाय-फाय पद्धतीत आवाज दोन जागी नोंदला जातो: पट्टीच्या कडेला आणि चित्राच्याच रेषांत खोलवर. मूळ कॅसेटवरच नंतर ऑडिओ डब केलं असेल तर गाणी फक्त कडेच्या पट्ट्यावर चढतात. आतला आवाज शाबूत राहतो. हाय-फाय व्हीसीआरवर आवाजाचं बटण बदलून बघायला काही खर्च नाही.

२००० नंतरच्या लग्नांत चित्रण मिनीडीव्हीवर, पण घरी आली ती व्हीसीडी. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, तर मूळ डीव्ही ७२० बाय ५७६. आणि माहितीचा ओघ मूळच्या वीसेक पट कमी. अशा घरी कॅसेट नाहीच, दोन-तीन तबकड्या आहेत. त्यांच्या फायली ताबडतोब संगणकात नकलून घ्याव्यात, कारण घरी किंवा दुकानात जाळलेल्या तबकड्या पट्टीपेक्षाही बेभरवशाच्या निघाल्या.

उतरवून घेतल्यावर कात्री चालवायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: मूळ फायलीला हात लावू नये. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते, ती जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपलेली असे, दोष नव्हे. नाचणाऱ्या वरातीच्या कडा चिरल्यासारख्या दिसतात, कारण त्या काळी सेकंदाला २५ चौकटी प्रत्येकी दोन अर्ध्या भागांत पाठवत. बघण्यासाठी वेगळी प्रत करताना हे भाग सुटे करून सेकंदाला ५० चौकटी करता येतात. मूळ प्रत आहे तशी ठेवावी, अ‍ॅनालॉगसाठी एफएफव्ही१ सारख्या काही न गाळणाऱ्या कोडेकमध्ये. आणि ‘कंटाळवाणा भाग’ कापू नये. पंगतीवरून कॅमेरा सरकत जाताना सगळे ओरडायचे, ‘पुढं पळव!’ आज तीच पंगत सोनं आहे. पाटावर बसलेलं सगळं गणगोत एका ओळीत, डोळ्यांवर हॅलोजन आला म्हणून कपाळावर हात धरून, एकेकाचा चेहरा तीन-तीन सेकंद. दुसरीकडे कुठंही ते सगळे एकत्र सापडणार नाहीत.

कॅसेटवरचं लेबल फिकं झालेलं किंवा चुकीचं असतं, कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलंच नसतं. तेव्हा पार्श्वभूमी उपयोगी पडते. लेबलवर ‘हिंगोली, जि. परभणी’ असेल तर कॅसेट बहुधा १ मे १९९९ पूर्वीची, कारण त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वरातीतल्या जीपवर एमएच-३८ असेल तर नंतरची. एमएच-२२ असेल तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. पूर्णा स्टेशनात अकोल्याची मीटरगेज गाडी उभी असेल तर २००८ च्या आधीची, कारण त्या वर्षी तो मार्ग ब्रॉडगेज झाला. परभणीच्या फलकावर महानगरपालिका असेल तर २०११ किंवा नंतर. फाटकावर नुसतं ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ असेल तर २०१३ च्या आधी. त्या वर्षी वसंतराव नाईकांचं नाव जोडलं गेलं. माणसं कोण ते मात्र फलक सांगत नाहीत. त्यासाठी फाईल मोबाइलवर घालून मावशीसमोर, मामासमोर बसावं आणि ती नावं सांगतील तशी मिनिट-सेकंदासह लिहून घ्यावीत. फाइलच्या नावातच गाव, वर्ष आणि प्रसंग घालावा; ‘न्यू फोल्डर २’ मधलं लग्न पुढच्या पिढीला कुणाचंच नसतं.

दोन हार्डडिस्कवर प्रती कराव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, पुण्यातल्या मुलाकडे किंवा नांदेडच्या बहिणीकडे द्यावी.

कॅसेटी मात्र भंगारात देऊ नयेत. गेल्या काही वर्षांत व्हीएचएस-डिकोड नावाचा खुला प्रकल्प उभा राहिला आहे. त्यात व्हीसीआरच्या हेडमधून येणारा कच्चा रेडिओ संकेतच थेट नोंदवतात आणि चित्र घडवण्याचं काम व्हीसीआरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सऐवजी संगणकाच्या सॉफ्टवेअरकडून करून घेतात. वेळेची डगमग त्यातच दुरुस्त होते. अजून हे हौशी तंत्रज्ञांचं काम आहे, घरी सहज जमेल असं नाही. पण आज उतरवलेलं चित्र हे त्या पट्टीतलं सर्वोत्तम चित्र आहे असं मानायला जागा नाही. कॅसेट शेवटपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, पत्र्यापासून आणि ओल्या भिंतीपासून लांब, स्पीकरच्या चुंबकाजवळ नाही अशा कपाटात ठेवावी. सोबत जमल्यास तो व्हीसीआरही, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चालवत.